गोळा क्रमांक दोन

गोळेकाकांना गुहेत आजवर कुणी पकडू शकलं नव्हतं. गाजलेल्या नटाला आपल्या टाळ्यांचा नसेल एवढा त्यांना या गोष्टीचा अभिमान होता. नटाची सगळी हौस चार लोकांना दिसण्याची, आणि काकांची न दिसण्याची. पण हौस म्हणून पाहिली तर दोन्ही एकाच मापाच्या.

त्यांच्या शहराखाली गुहा होत्या आणि त्या गुहा मोजणारी एक कचेरी होती. जिन्यापासून कँटीनपर्यंत तिच्या भिंतींवर गुहांची मोठमोठी चित्रं लावलेली होती. काळ्या कागदावर पांढऱ्या ठिपक्यांनी उमटलेली दालनं, छतातून लोंबणारे दगडी सुळके, माणूस आडवा झाल्याशिवाय शिरणार नाही अशा फटी. त्या प्रत्येक फटीत काका शिरून आले होते आणि एकाही चित्रात ते नव्हते. कचेरीत कुणी नवीन रुजू झालं की काका त्याला चित्रासमोर नेऊन उभं करत.

"नीट बघा. मी कुठे दिसतोय?"

"नाही बुवा."

"अठरा वर्षं," काका म्हणत, आणि हात मागे बांधून पुढच्या चित्राकडे वळत.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल, म्हणून काम जरा समजून घ्यायला हवं. गुहेत ट्रायपॉडवर एक स्कॅनर ठेवतात. तो सावकाश स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा लेझरचा किरण जिथे जिथे आपटेल तिथला एक ठिपका टिपून घेतो. असे कोट्यवधी ठिपके जमले की गुहेचा आकार उभा राहतो. यंत्र हुशार, पण भाबडं. समोर दगड आला तर दगड टिपेल आणि माणूस आला तर माणूसही तितक्याच निष्ठेने टिपेल. म्हणून ते फिरत असताना सगळ्यांनी दगडाआड दडी मारायची.

आता एका जागेवरून अख्खी गुहा दिसत नाही. यंत्र उचलून पुढे न्यावं लागतं आणि नंतर दोन जागांवरची चित्रं एकमेकांना जोडावी लागतात. ती कशी जोडायची? त्यासाठी वीतभराहून थोडे लहान असे पांढरेशुभ्र गोळे गुहेत ठेवतात. दोन्ही जागांवरून तेच तीन गोळे दिसले की त्यांच्या खुणेने संगणक एक चित्र दुसऱ्याला बरोबर चिकटवतो. मधल्या वेळात गोळा रेसभरही हलता कामा नये. हे गोळे वाहायचे, मांडायचे, राखायचे आणि फलालीनच्या फडक्याने पुसून परत पेटीत निजवायचे, हे काकांचं काम. नाव त्यावरूनच पडलं होतं.

त्याआधी काका त्याच कचेरीच्या भांडारात कारकून होते. दोर, गमबूट आणि बॅटऱ्या मोजत बसायचे. पहिला स्कॅनर खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "तासभर हालचाल न करता बसू शकेल असा आपल्याकडे कोण आहे?" सगळ्या कचेरीने एकमताने भांडाराकडे बोट दाखवलं. हेडक्लार्क तर म्हणाले, "तो कामावर आलाय हे आम्हालाही महिन्यातून एकदाच कळतं, साहेब."

घरी या कर्तबगारीची किंमत शून्य होती.

घर म्हणजे खाली बेकरी आणि वर दोन खोल्या. बेकरी ताईची, काकांच्या थोरल्या बहिणीची. ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी, पण बोलण्यात सत्तर वर्षांनी. बेकरीची विटांची भट्टी त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली. एक्केचाळीस वर्षं ताई तिच्यात पाव भाजत होती, आणि राख काढण्याचे दिवस सोडले तर भट्टी कधी थंड पडली नव्हती. थंडीत गिऱ्हाईकं पाव घेऊन झाला तरी तिच्या भिंतीला पाठ लावून उगाच गप्पा मारत उभी राहत.

"ताई, निघालो गं."

"आज कुठे लपायचंय?"

"कामाला जातोय."

"तेच विचारलं मी."

"अगं, त्याच्यामागे शास्त्र आहे."

"असेल की. मी दिवसाला तीनशे गोळे करते आणि ते लोकांच्या पोटात जातात. तू तीन गोळे मांडतोस आणि तेच उचलून परत आणतोस. पगार तुला." मग त्यांच्या डोक्याकडे नजर जायची. ते डोकं सव्विसाव्या वर्षीच गुळगुळीत झालं होतं आणि आता उन्हात बघवत नसे. "टोपी घाल. त्या बिळात सर्दी होईल."

"हेल्मेट असतं."

"असतं आणि घालतोस, यात फरक आहे. मी ओळखून आहे तुला."

ताईने लोकरीची एक निळी टोपी विणून दिली होती. ती काकांनी इमानेइतबारे खिशात ठेवलेली असायची.

तर गोष्ट घडली ती त्यांच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं असताना. पालिकेला जुन्या पेठेतून पाण्याची नवी मोठी वाहिनी न्यायची होती, आणि त्याआधी जमीन कुठे कुठे पोकळ आहे ते जाणून घ्यायचं होतं. पेठेखालच्या गुहेचा शेवटचा फाटा तेवढा मोजायचा राहिला होता. मॅडम आणि काका खाली उतरले. मॅडम म्हणजे कचेरीतल्या इंजिनिअर. वय बत्तीस, अंगकाठी एवढीशी, आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"काका, गोळे लागले?"

"लागले. पहिला कोनाड्यात, दुसरा पाण्याजवळच्या सपाट दगडावर, तिसरा वाटेच्या तोंडाशी."

"छान. आता हलू नका, बोलू नका, आणि शक्यतो असूच नका."

काका एका मोठ्या दगडामागच्या कपारीत जाऊन बसले. कपार इतकी बुटकी, की हेल्मेट वर टक् टक् आपटायला लागलं. नियम असा की गुहेत हेल्मेट डोक्यावरून काढायचं नाही. काकांनी ते काढलं आणि मांडीवर ठेवलं. पलीकडे स्कॅनरने सूं करून फिरायला सुरुवात केली.

आणि तेवढ्यात काकांच्या पायात गोळा आला.

पोटरीत गोळा आलेल्या माणसाला शास्त्र कळत नाही. तो आपोआप उठतो. काका गुडघ्यावर उठले आणि त्यांचं डोकं भुवयांपर्यंत दगडाच्या वर आलं. कळ एवढी की ते तसेच थिजले, ओठ दातांत दाबून, हूं की चूं न करता. दहा-बारा सेकंद. मग गोळा उतरला आणि त्याबरोबर काकाही उतरले.

किरण त्या वेळी कुठे होता? काकांनी आठवून पाहिलं. त्यांना वाटलं, पलीकडच्या भिंतीवर असावा. मग वाटलं, असणारच. सांगावं का मॅडमना? अठरा वर्षांनंतर? त्यांनी हेल्मेट गुपचूप डोक्यावर चढवलं आणि बाहेर आले.

"सगळं ठीक?" मॅडमनी विचारलं.

"गोळे जागच्या जागी आहेत," काका म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

आठवड्याने नकाशा तयार झाला. त्यानंतर दोन दिवसांनी मॅडम हातात गुंडाळी घेऊन स्वतः बेकरीत आल्या. नोटीस टपालाने पाठवणं त्यांना बरं वाटेना. काका वर जेवत होते. खाली आवाज ऐकून ते हात न धुताच जिन्यात येऊन उभे राहिले.

काउंटरवर मॅडमनी नकाशा पसरला होता. गुहेचा शेवटचा फाटा मोठ्या दगडापाशी डावीकडे वळला होता आणि सरळ पेठेखालून येऊन एका चौकोनाखाली थांबला होता. चौकोन म्हणजे बेकरी. चौकोनातला गोल म्हणजे भट्टी.

"किती खाली आहे?" ताईने विचारलं.

"चार मीटर. मध्ये दगड फार नाही. आणि तुमच्या भट्टीचं वजन..." मॅडम थांबल्या. "पालिकेने सोमवारची तारीख दिलीय. भट्टी उतरवावी लागेल. मी स्वतः दोनदा तपासलं हो, ताई. मला वाटलं, काहीतरी चुकलं असेल तर बरं."

ताईने पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. "म्हणजे एवढी वर्षं हा कामाला जातो म्हणून निघायचा आणि माझ्याच पायाखाली येऊन लपायचा."

मॅडमना हसावं की नाही कळेना. ताईने त्यांच्या हातात दोन गरम पाव कागदात बांधून दिले. मग भट्टीच्या भिंतीवर तळवा ठेवला, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "बाबांना बांधायला चाळीस दिवस लागले होते. तुम्हाला मोडायला किती लागतील?"

"एक दिवस," मॅडम अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा तो आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नसता.

काकांच्या पोटात गोळा आला. हा तिसऱ्या जातीचा गोळा, आणि तो पायातल्यासारखा उतरत नाही.

कारण काका त्या वाटेने स्वतः चालले होते. मोठा दगड ओलांडला की वाट उजवीकडे वळते. वळताना पाण्याची टपटप डाव्या कानाला येते आणि उजवा खांदा भिंतीला घासतो. खांदा घासून शर्टाला पडलेला डाग अजून गेला नव्हता. आणि बेकरी होती डावीकडे.

मॅडम निघाल्या तसे काका त्यांच्या मागोमाग धावत कचेरीत गेले.

"मॅडम, वाट उजवीकडे वळते."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण काका, अंधारात दिशा चुकते. तुमची, माझी, सगळ्यांची. हे बघा." मॅडमनी संगणकावर ठिपक्यांची गुहा फिरवून दाखवली. "तीन गोळे. एक, दोन, तीन. तिन्ही सापडले, अंतरं जुळली, बोटभर फरक होता तो संगणकाने पोटात घातला. हिरवी खूण आलीय."

काका वाकून बघायला लागले. पहिला गोळा कोनाड्यात. तिसरा वाटेच्या तोंडाशी. दुसरा...

"दुसरा मी पाण्याजवळ ठेवला होता. खाली. हा तर वर, मोठ्या दगडावर आहे."

"मग हलला असेल."

"माझे गोळे हलत नाहीत, मॅडम."

मॅडमनी दुसरा गोळा मोठा करून पाहिला. पांढऱ्या ठिपक्यांचा सुबक, गुळगुळीत गोळा दगडामागून उगवला होता. पाण्याजवळचा खरा गोळा त्या जागेवरून एका सुळक्याआड गेला होता, आणि संगणकाने आपलं समोर जे गोल दिसलं ते घेऊन पुढचं चित्र त्या खुणेवर फिरवून चिकटवलं होतं. तो रंग बघत नाही. तो गोलाई बघतो.

"पण याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी आलंय," मॅडम डोळे बारीक करून म्हणाल्या.

काकांचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडे गेला.

"चिखल उडाला असेल," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही कान पुसून टाकले. "बघा. आता तर जुळणी आणखी छान आली."

काकांनी जगात काही मागितलं असतं तर यापेक्षा चांगलं मिळालं नसतं. पुरावा समोर होता तो समोरच नाहीसा झाला. अठरा वर्षं अबाधित. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"मग एकदा परत मोजून बघू या का?" त्यांनी चाचरत विचारलं. "उगाच आपलं. मनाच्या समाधानासाठी."

"मनाचं समाधान हा रकाना फॉर्ममध्ये नाही, काका. फेरमोजणीला कारण लागतं. लेखी. कारण असेल तर मी आत्ता या मिनिटाला सही करते."

काका बाहेर येऊन जिन्यातल्या चित्रांसमोर उभे राहिले. ती सगळी दालनं त्यांच्यावाचून रिकामी होती आणि किती सुंदर दिसत होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई.

"येताना रिकामी पोती घेऊन ये. विटा जपून काढल्या तर पुढे कुठेतरी लावता येतील. आणि दोन बरी बघून आण, फाटकी नको. काय रे, ऐकतोस ना?"

"ऐकतोय."

"आवाज का असा? जेवण अर्धं टाकून गेलास. ताटावर झाकण ठेवलंय."

काकांनी फोन खिशात ठेवला, आत जाऊन फॉर्म मागून घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. 'फेरमोजणीचे कारण' या शब्दांपुढे एकच ओळ होती. तिथे त्यांनी आधी लिहिलं, 'तांत्रिक'. खोडलं. मग लिहिलं, 'नैसर्गिक'. तेही खोडलं. शेवटी खोडाखोडीच्या खाली, समासात, भांडारातल्या जुन्या वळणदार अक्षरात एक वाक्य लिहून फॉर्म मॅडमपुढे सरकवला.

मॅडमनी वाचलं. मग मोठ्याने वाचलं. "गोळा क्रमांक दोन हा गोळा नसून माझे डोके आहे."

"हो."

"काका, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"नव्हतं, मॅडम. तेच तर लिहिलंय."

मॅडमनी एक बटण दाबलं. पडद्यावर पुसलेले कान परत उगवले. त्यांनी गोळ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, परत गोळ्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीत मागे कलंडल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या खोलीतले दोघे काय झालं म्हणून बघायला आले. काका हाताची घडी घालून उभे होते, विनोदी प्रवेशात गंभीर भूमिका आल्यासारखे.

"पण वर कशाला आलात तुम्ही?"

"पायात गोळा आला होता."

"म्हणजे त्या दिवशी खाली एकूण पाच होते." मॅडमनी डोळे पुसले. मग एकदम हसू थांबलं. "काका. हेल्मेट कुठे होतं?"

"मांडीवर."

छतावरून एखादा दगड सुटला असता तर काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"आणि हे तुम्ही मला त्याच दिवशी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं." काकांनी मान खाली घातली. "चित्रात आलो असेन असं म्हणवत नव्हतं."

"पंधरा दिवस खाली उतरायचं नाही. आणि नोंद होईल. ती मी टाळू शकत नाही."

"टाळू नका."

"पण गोळे कुठे होते ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही," मॅडम सही करत म्हणाल्या. "तेव्हा शिक्षा उद्यापासून. चला, पेटी उचला."

त्या दुपारी काका परत त्याच कपारीत होते. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, टोपीवर हेल्मेट, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली करकचून. बसायला जागा नव्हती म्हणून ते सरळ पालथे पडले, नाक ओल्या मातीला टेकवून. स्कॅनर फिरायला लागला आणि पोटरीतला गोळा आपली जुनी ओळख विसरला नव्हता, तोही आला. काकांनी हातमोजा दातांत धरला आणि आजोबांपासून सगळ्या पूर्वजांची नावं मनात म्हटली. पण उठले नाहीत. या वेळी दुसरा गोळा मॅडमनी सुळक्याच्या अलीकडे, अगदी डोळ्यांसमोर ठेवला होता, आणि जवळ जाऊन त्याला कान नाहीत ना तेही पाहिलं होतं. एकच वळण नव्याने जुळवायचं होतं, म्हणून नकाशा त्याच संध्याकाळी तयार झाला.

वाट उजवीकडे वळली.

ती बेकरीला अजिबात न शिवता बाजूने निघून गेली आणि थांबली ती थेट सार्वजनिक बागेतल्या जुन्या व्यासपीठाखाली. शहरातली सगळ्यात मोठी पोकळी तिथे सापडली. गेली कित्येक वर्षं त्या व्यासपीठावर जी भाषणं झाली ती ज्यांनी ऐकली होती, त्यांना याचं विशेष आश्चर्य वाटलं नाही. पालिकेने लगोलग भोवती दोरी लावली आणि भट्टीची नोटीस मागे घेतली.

ही बातमी काकांनी ताईला सांगितली ती सगळी, पायापासून डोक्यापर्यंत. ताई पीठ मळत ऐकत होती.

"म्हणजे माझी भट्टी तुझ्या डोक्यामुळे मोडणार होती."

"हो."

"आणि तुझ्या डोक्यामुळेच वाचली."

"तसंही म्हणता येईल."

"म्हणू नये. एक तर साठ वर्षांत डोकं पहिल्यांदा बाहेर काढलंस, ते चुकीच्या वेळी." तिने पिठाचा हात झटकला आणि झाकण काढून ताट पुढे केलं. मग बराच वेळ ती त्यांच्याकडे पाठ करून भट्टीत लाकडं सारत राहिली. लाकडं पुरेशी होती.

पंधरा दिवस काका बेकरीत राबले. ताईने त्यांना गोळे करायला बसवलं. हा लहान, हा मोठा, हा तुझ्यासारखा चपटा, अशी त्यांची रोज हजेरी निघे. चौथ्या दिवशी मॅडम पाव घ्यायला आल्या आणि जाताना काउंटरवर एक गुंडाळी ठेवून गेल्या. "कचेरीत हे आता रद्द झालंय. टाकवेना म्हणून आणलं."

काळा कागद, पांढरे ठिपके. दगडामागून वर आलेलं भुवयांपर्यंतचं डोकं, दोन कान, कपाळावर कळ सोसल्याच्या तीन आठ्या. एकही ठिपका इकडचा तिकडे नाही.

ताईने ते चित्र दोन्ही हातांत धरून लांबून पाहिलं, मग जवळून. "अठरा वर्षांत तुझं कामावरचं एकच चित्र, आणि त्यातही अर्धाच आलास," ती म्हणाली आणि हातोडी शोधायला गेली.

"ताई, तिथे नको. लोक बघतील."

"त्यासाठीच लावतात."

चित्र भट्टीच्या वर लागलं. पहिलंच गिऱ्हाईक, रोज दोन पाव नेणारे मास्तर, चष्मा सारखा करून वर बघू लागले. "हे काय, पिठाचा गोळा वाटतं? छान आलाय."

"आमच्याकडचा जुना गोळा आहे," ताई पाव बांधत म्हणाली. "जरा जास्त फुगला होता. आता बसलाय नीट."

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांची नजर आत गेली. पिठाच्या पोत्यांच्या रांगेमागे काका बसले होते. रांगेवर त्यांचं गुळगुळीत डोकं भुवयांपर्यंत दिसत होतं, आणि त्यावर थोडं पीठ सांडलेलं होतं. त्यांनी ते खाली घेतलं नाही.